गणिताच्या बाई पाण्यात उतरतात

आमच्या शाळेत पोहण्याचा तलाव बांधायला घेतला तेव्हा मला फार आनंद झाला होता. तो मुलांसाठी आहे असा माझा समज होता.

मी शाळेत भाषा शिकवते. निदान मी तरी अजून 'शिकवते' असंच म्हणते. आमच्या नव्या मुख्याध्यापकांना हा शब्द सोसत नाही. त्यांच्या मते मुलं हल्ली आपापली शिकतात, आपण फक्त त्यांच्या वाटेत यायचं नाही. त्यामुळे आम्ही शिक्षक होतो ते आधी मार्गदर्शक झालो, मग सुलभक झालो आणि गेल्या सत्रापासून 'सहप्रवासी' झालो आहोत. शिक्षकखोलीच्या दारावरची पाटी इतक्यांदा बदलली की खिळ्याचं भोक मोठं झालं आणि आता पाटी तिरकीच राहते. कुठला प्रवास चाललाय ते मात्र कोणी सांगत नाही.

माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे आणि उत्साहाने भाच्याएवढे. दर महिन्याला एक नवी कल्पना. एका महिन्यात वर्गातले बाक गोल मांडले, तेव्हा निम्म्या मुलांची फळ्याकडे पाठ झाली. पुढच्या महिन्यात बाकच काढून टाकले, तेव्हा मुलं मजेत जमिनीवर बसली आणि माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, मग बाक परत आले. तलाव बांधून झाल्यावर दोन आठवड्यांनी त्यांनी आम्हा सगळ्यांना सभागृहात बोलावलं. चेहऱ्यावरून कल्पना मोठी आहे हे कळत होतं. मी शेजारणीचा हात धरला.

"आपण एक गोष्ट विसरलोय," मुख्याध्यापक म्हणाले. "एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, तेव्हा कसं वाटतं ते. मुलांना ते रोज वाटतं. आपल्याला शेवटचं कधी वाटलं होतं?"

मला त्याच क्षणी वाटत होतं.

मग नियम आला. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास तलावाचा. त्या तासाला वर्गशिक्षकाने काठावर शिट्टी फुंकत बसायचं नाही, मुलांबरोबर पाण्यात उतरायचं. म्हणजे पोहता यायला हवं. एक सत्र शिकायला. सत्राच्या शेवटी परीक्षा, तलावाची रुंदी पोहून पार करायची. पार केली तर वर्ग तुमचा. नाही केली तर परीक्षा विभाग.

परीक्षा विभाग ही आमच्या शाळेतली सगळ्यात मागची खोली. खिडकी नाही. एक छपाईचं यंत्र, गठ्ठ्यांवर गठ्ठे आणि वर फडफडणारी ट्यूबलाइट. मुलांना तिथे यायला मनाई, कारण प्रश्नपत्रिका असतात. आमचे जुने चित्रकलेचे सर तिथे गेले होते, तर वर्षभरात ते यंत्राशी बोलायला लागले. तेही एकवेळ समजू शकतो, पण ते यंत्राला अहोजाहो करायचे.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापक स्वतः आदल्या आठवड्यात सगळ्यांसमोर रुंदीच काय, लांबीसुद्धा पोहून गेले होते, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची सोय नव्हती. आणि माझ्या बाजूला गणिताच्या बाई बसल्या होत्या. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

या बाईंना मुलं 'तोफ' म्हणतात. मुलांना वाटतं बाईंना माहीत नाही. बाईंना माहीत आहे आणि आतून त्या सुखावतात. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यात एक भिंत आहे, पण ती भिंत नुसती नावाला. मी कवितेतली संध्याकाळ हळुवारपणे उलगडत असते आणि मधेच पलीकडून "छेद कुणी विसरायचा?" असा दणका येतो, की माझ्या वर्गातली मुलंही पाठ ताठ करून बसतात. शेवटच्या वर्षाचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. निकाल उत्तम. मुलं त्यांच्या तासाला श्वाससुद्धा बेताने घेतात. मला त्यांचा राग येतो आणि त्या एक दिवस आल्या नाहीत तर करमत नाही.

सभा संपल्यावर त्या मला जिन्याखाली ओढत घेऊन गेल्या. "अगं, मला पाण्याची भीती वाटते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "मी अजून शॉवरखाली उभी राहत नाही. तांब्यानेच घेते. आणि त्या खोलीत मला टाकलं ना, तर मी मरेन. घरी आम्ही दोघंच. दिवसभर मुलांवर ओरडले नाही तर मी जगायचं कशावर?"

"जमेल हो," मी म्हणाले. खरं तर मलाही पोहता येत नव्हतं.

शिक्षिकांची तुकडी सकाळी शाळा भरण्याआधी आणि शिक्षकांची संध्याकाळी शाळा सुटल्यावर. पहिल्या दिवशी आम्ही कोपरांपासून गुडघ्यांपर्यंत झाकणारे काळे पोशाख आणि रबरी टोप्या घालून काठावर ओळीने उभ्या राहिलो. रबरी टोपी घातली की सगळ्यांची डोकी सारखी दिसतात, कोण वरिष्ठ आणि कोण कनिष्ठ काही कळत नाही. उपमुख्याध्यापिकाबाईंना मी "सरक गं जरा" म्हणाले आणि त्या सरकल्या.

मग शिकवणारी मुलगी आली. सडपातळ, खांद्यावर टॉवेल, ओठांत शिट्टी. मुलं तिला कोच म्हणतात, म्हणून आम्हीही कोच म्हणायचं ठरवलं. तिने ओळीवरून नजर फिरवली, ती तोफेपाशी आली आणि तिच्या ओठांतली शिट्टी गळून पडली.

"बाई, तुम्ही?" ती म्हणाली आणि नकळत पाय जुळवून उभी राहिली.

ती आमच्याच शाळेतली निघाली. तोफेच्या वर्गात होती आणि गणितात एकदा सोडून दोनदा नापास झाली होती. बाई माझ्या कानाशी लागल्या. "ओळखलं मी हिला. शून्याखाली गुण देता येत नाहीत म्हणून हिला शून्य दिलं होतं मी. आता ही सूड उगवणार बघ. मला बुडवणार."

मी त्या पोरीकडे पाहिलं. सूड कसला उगवतेय? ती शिकवायला लागली तीसुद्धा तोफेकडे पाठ करून, पलीकडच्या रिकाम्या काठाकडे बघत. आणि किती भरभर! "नाकातून बुडबुडे सोडायचे, छाती वर, मान सैल, कंबर उचलायची, पाय मांडीपासून हलवायचे, समजलं?"

"हो!" आम्ही सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

एकीलाही कळलं नव्हतं. मला तर नाकातून बुडबुडे आणि कंबर यांचा एकमेकांशी काय संबंध तेही कळलं नव्हतं. पण विचारणार कोण? आजूबाजूला सगळ्या शिक्षिका. माझ्या बाजूची मान डोलवत होती, तिच्या बाजूची डोलवत होती, मग मी एकटी मूर्ख कशाला ठरू? मीही डोलवली. नंतर चहाच्या वेळी कळलं की सगळ्या माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या.

पुढे जे झालं ते आम्हा शिक्षकांच्या हातूनच होऊ शकतं. पाण्यात उतरल्यावर न समजलेली प्रत्येक बाई शेजारणीला समजावून सांगायला लागली. "अहो, असं नव्हे, हात असा आणा." "कंबर म्हणाली ती, कंबर!" भूगोलाच्या बाईंनी तर ओल्या बोटाने काठाच्या फरशीवर आकृती काढली, ती वाळून गेली, त्यांनी पुन्हा काढली. पाच मिनिटांत उथळ बाजूला सगळ्या शिक्षिका झाल्या आणि विद्यार्थिनी एकही उरली नाही. कोच लांब उभी राहून शिट्टी चावत होती.

सगळ्यांत वरचढ अर्थातच तोफ. त्यांनी घरी जाऊन पोहण्याचा अभ्यास केला. शरीराचं वजन, पाण्याचं वजन, हवा भरलेली छाती, सगळं कोळून प्यायल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या काठाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी गच्च धरून, पाणी गळ्याशी ठेवून, आम्हाला शिकवायला लागल्या. "तुम्ही बुडूच शकत नाही. छातीत हवा आहे ना? मग ती वर येणारच. पाय खाली जातात कारण तिथे हवा नाही. म्हणून मागे रेला, म्हणजे तोल छातीवर येईल. कळलं का, विज्ञान?" त्या विज्ञानाच्या बाईंना विज्ञान म्हणतात, मला भाषा.

आणि चमत्कार असा, की मला कळलं! मी मागे रेलले, कान पाण्याखाली गेले आणि मी चक्क तरंगले. वर आकाश, खाली पाणी, मध्ये मी, कुठेही न टेकता. मी आनंदाने ओरडले. विज्ञान तरंगलं, भूगोल तरंगला. सगळी शाळा तरंगायला लागली. दांड्याला फक्त एकच माणूस चिकटून राहिलं होतं, आणि ते माणूस ओरडून विचारत होतं, "बघा, सांगितलं नव्हतं?"

"आता तुम्ही सोडा दांडा," मी म्हणाले.

"सोडते गं. आधी यांचं होऊ दे."

रोज हेच. कोच त्यांच्या जवळून जाताना जीव मुठीत धरून विचारायची, "बाई, जमतंय ना?" आणि बाई ताठ मानेने सांगायच्या, "हो. उत्तम." मग पोरीची सुटका व्हायची आणि बाईंचीही. दोघी एकमेकींना इतक्या घाबरत होत्या की त्यांच्यात शिकणं-शिकवणं नावाची गोष्ट घडायला जागाच नव्हती. घरी बाई बादलीत तोंड घालून श्वास कोंडायचा सराव करायच्या. त्यांचे यजमान घड्याळ घेऊन बाजूला उभे. एकदा बाई लालबुंद होऊन वर आल्या आणि "किती झाले?" म्हणाल्या, तर ते म्हणाले, "अगं, आज घड्याळ सुरू करायचं होतं का?" त्यानंतर दोन दिवस त्या घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

सत्र संपत आलं तेव्हा मला राहवेना. मी कोचला गाठलं. "तू त्यांना काही सांगत का नाहीस? त्यांचं नेमकं चुकतंय काय?"

"मान," ती म्हणाली. "त्या मान ताठ ठेवतात. मान सैल सोडली ना, की पाय आपोआप वर येतात. एवढंच आहे."

"मग सांग की तसं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाईंना? मान सोडा म्हणून? मी? तुम्ही सांगा ना."

मी सांगितलं नाही. मी काय वेडी आहे?

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी कळस केला. प्रत्येक शिक्षिकेच्या परीक्षेला तिचा वर्ग काठावर प्रेक्षक म्हणून बसणार. मुलांनी आपल्याला शिकताना बघायला हवं म्हणे. तोफेने हे ऐकलं आणि त्या शिक्षकखोलीत टेबलावर डोकं ठेवून बसल्या. मला त्यांची इतकी दया आली की माझा स्वतःवरचा ताबा सुटला.

"बाई," मी दार लावून म्हणाले, "उथळ बाजूला पाणी किती आहे? तुमच्या छातीपर्यंत. म्हणजे पाय टेकतात."

"मग?"

"मग चाला. वाकून हनुवटी पाण्यावर ठेवायची, वर हात मारायचे, खाली तळावरून चालत जायचं. काठावरून कळत नाही. मी बघितलंय, भूगोल गेला महिनाभर तेच करतोय."

माझं निम्मं आयुष्य परीक्षांवर देखरेख करण्यात गेलंय. बाहीतल्या चिठ्ठ्या, पट्टीवरची सूत्रं, बुटातला कागद, मी सगळं पकडलंय. त्या ज्ञानाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आणि ज्या बाईंनी नुसती मान वळवली म्हणून पोरांच्या उत्तरपत्रिका काढून घेतल्या होत्या, त्या डोकं वर करून म्हणाल्या, "पाऊल आधी टाचेवर टाकू की चवड्यावर?"

परीक्षेचा दिवस. काठावर शेवटच्या वर्षाचा अख्खा वर्ग मांडी घालून बसला होता. मुख्याध्यापक हसतमुखाने उभे. कोच पाण्याच्या कडेला, पांढरीफटक. बाई जिन्यावरून एकेक पायरी खाली उतरल्या. मुलांनी त्यांना आजवर फळ्यासमोर सोडून कुठेच पाहिलं नव्हतं, त्यामुळे मुलं हसायचंही विसरली.

शिट्टी झाली आणि बाई निघाल्या. झकास! हात सपासप पडत होते, तोंडाने फूफू चाललं होतं. वाकलेलं अंग काळ्या पोशाखात आणि उडणाऱ्या पाण्यात दिसत नव्हतं. मला स्वतःचा अभिमान वाटला. निम्मं अंतर गेलं. मुख्याध्यापक "वा, वा!" म्हणाले.

मग मी मुलांकडे पाहिलं. मुलांना कळलं होतं. का नाही कळणार? या विषयातली त्यांची तयारी आमच्यापेक्षा पक्की. पहिल्या रांगेतल्या मुलीने शेजारणीला कोपर मारलं, शेजारणीने पुढे सरकवलं, आणि वाऱ्याने गवत हलावं तसा सगळा वर्ग हलला. आता कोणीतरी ओरडणार, आता हशा पिकणार, म्हणून मी डोळे मिटले.

ओरडले खरे. "बाई, चला! बाई, चला!" सगळा वर्ग उभा राहिला, टाळ्या वाजवायला लागला आणि हळूहळू सरकत सरकत मुख्याध्यापक आणि तलाव यांच्या मधोमध येऊन थांबला. मुख्याध्यापक मान उंचावून बघायचा प्रयत्न करत होते. "काय ऐक्य आहे वर्गात!" ते मला म्हणाले. इतक्या धाकातली पोरं, आणि बाईंना वाचवायला भिंत करून उभी राहिली होती.

आणि पलीकडचा काठ हातभर उरलेला असताना बाई थांबल्या.

त्या सरळ उभ्या राहिल्या. पाणी छातीशी. त्यांनी टोपी कपाळावरून मागे केली आणि मुलांकडे पाहिलं. नंतर त्या मला म्हणाल्या, "अगं, शेजारच्याची कॉपी झाकायला जो चेहरा करतात ना पोरं, तो चेहरा मी आयुष्यभर लांबून ओळखलाय. सगळ्यांनी तोच चेहरा केला होता, माझ्यासाठी. मला पुढे पाऊल टाकवेना."

"काय झालं, बाई?" मुख्याध्यापकांनी मुलांच्या डोक्यांवरून विचारलं. "थोडंच राहिलंय!"

"मी पोहत नव्हते," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीचा, दणदणीत. "चालत होते. कॉपी आहे ही. लिहून घ्या." मग त्या वळल्या. "आणि कोच, इकडे बघ. मला समजलं नाही. पहिल्या दिवसापासून काहीच समजलेलं नाही. पुन्हा सांग."

उपमुख्याध्यापिकाबाईंच्या हातातला टॉवेल पाण्यात पडला तरी त्यांना कळलं नाही.

कोच पाण्यात उतरली. तिने बाईंच्या पाठीखाली हात धरला आणि पुटपुटत सांगायला सुरुवात केली. बाई मागे रेलल्या, बुडाल्या, खोकत वर आल्या. "समजलं नाही. पुन्हा." पोरीने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. "अजून नाही समजलं." पुन्हा सांगितलं. बाईंच्या नाकात पाणी, डोळे लाल, मान मात्र तशीच ताठ. आणखी एकदा. आणि मग त्या भित्र्या पोरीचा तोल सुटला.

"बाई, मान सोडा!" ती कडाडली. "मान! किती वेळा तेच तेच सांगायचं? लक्ष कुठे आहे तुमचं?"

हुबेहूब तोफ. शब्द तेच, पट्टी तीच. पोरगी स्वतःच दचकली आणि तिने जीभ चावली. काठावरची मुलं दोन पावलं मागे सरकली.

बाईंनी मान सोडली.

आणि त्यांचे पाय वर आले, अगदी आपोआप. पांढरीशी बोटं पाण्याबाहेर डोकावली. बाई तरंगत होत्या, डोळे मिटून, हात पसरून, आणि कोचने हात काढून घेतला तरी तरंगत होत्या. मला रडू फुटलं, त्याची मला लाज नाही.

पण तरंगणं म्हणजे पोहणं नव्हे. त्यांनी दोन हात मारले, एक घोट पाणी प्यायल्या आणि उभ्या राहिल्या. रुंदी पार झाली नाही ती नाहीच. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. मुलांसमोर, स्वतःच केलेल्या नियमाने, त्यांना तो शब्द उच्चारावा लागला. "नापास."

"बरोबर आहे," बाई टॉवेल घेत म्हणाल्या. "मीसुद्धा नापासच केलं असतं." आणि माझ्या कानात, "पोरीचा आवाज चांगला आहे गं. वर्ग ऐकेल हिचं."

मी मात्र ऐकून घेणारी नव्हे. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन भांडले. "अशी बाई तुम्ही छपाईच्या यंत्रापाशी बसवणार? कसले सहप्रवासी हो तुम्ही? मधल्याच थांब्यावर उतरवून देता?" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे त्यांचेही कोरडे नव्हते. "बाई, मी मुलांसमोर नियम मोडला तर मुलं काय शिकतील? आणि त्यांनी स्वतः मोडला नाही, तो मी कसा मोडू?" मी आणखी चिडले आणि दार आपटून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा शेवटचा तास होता. माझी रुंदी कशीबशी पार झाली होती, म्हणून गणिताला नवीन कोणी मिळेपर्यंत वर्ग मी सांभाळायचा, असं ठरलं. तास संपायच्या जरा आधी मी आणि मुख्याध्यापक वर्ग ताब्यात घ्यायला बाहेर येऊन उभे राहिलो. दार उघडं होतं. बाईंनी फळा पुसला, डबीत खडू ठेवले, हात झटकले.

"चला," त्या म्हणाल्या. "काही राहिलंय का?"

हा प्रश्न त्या दर तासाला विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडायच्या. त्यांच्या वर्गात हात वर जायचा तो फक्त पाणी प्यायला जायची परवानगी मागायला, तोही अर्धवट.

भिंतीकडच्या बाकावरून एक हात वर गेला. ही मुलगी माझ्या तासालाही कधी बोलत नाही.

"बाई, मला समजलं नाही."

"काय समजलं नाही?"

"अपूर्णांकाला अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, ते."

"अगं, ते पाचवीतलं आहे!"

"हो बाई," मुलगी म्हणाली. "तेव्हापासूनच."

आता तोफ उडणार म्हणून मी खांदे आवळून घेतले. बाईंनी तोंड उघडलं. मिटलं. वर्गाकडे एकवार पाहिलं. "आणखी कोणाला समजलेलं नाही?"

आधी एक हात, मग दोन, मग सगळ्या वर्गाचे. उत्तम निकालाचा तो अख्खा वर्ग हात वर करून बसला होता. मागच्या बाकावरच्या एकाने तर दोन्ही हात वर केले.

"मग इतकी वर्षं गणितं बरोबर कशी येत होती?"

"उलटा करायचा हे पाठ आहे ना, बाई."

"आणि समजलं का विचारलं, की हो म्हणत होता ते?"

"तेव्हा हो म्हणायचं असतं ना, बाई."

बाई खुर्चीवर बसल्या. मी त्यांना वर्गात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग उठल्या, डबी उघडली आणि खडू काढला. "दोरी आहे का कोणाकडे? नाही? बरं, ओढणी दे तुझी. ही एक. हिचे पाव-पाव तुकडे किती होतील?"

"चार."

"आता ही अर्धी दुमडली. यात किती?"

कोणी आठ म्हणालं, कोणी एक. बाईंच्या कपाळावरची शीर उडाली, पण त्यांनी ओढणी पुन्हा उलगडली. "पुन्हा बघा." घंटा झाली. कोणी उठलं नाही. शेजारचे वर्ग दणदण जिना उतरून गेले. "निम्मे! दोन!" भिंतीकडची मुलगी एकदम ओरडली. "म्हणजे चाराने गुणलंच की, बाई!" अर्ध्या वर्गाने "आं?" केलं, आणि बाई म्हणाल्या, "थांब, तूच सांग त्यांना. माझं होत नाहीये."

मुख्याध्यापकांनी दारावर हलकेच टकटक केली. "बाई, वेळ झाली."

"थांबा हो," आतून आवाज आला. "अजून समजलेलं नाही त्यांना."

मुख्याध्यापक माझ्याजवळ सरकले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? उलटा का करतात ते?"

"मी भाषेची," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग ते वर्गात शिरले, कोणाकडे न बघता मागे गेले आणि शेवटच्या बाकावर दोन मुलांच्या मध्ये घुसून बसले. गुडघे बाकाखाली मावेनात. काही वेळाने त्यांचा हात वर गेला.

"हं, काय?" बाई म्हणाल्या.

"बाई, ते चाराने गुणण्यापर्यंत कळलं. पण खाली दोन आणि वर तीन असतील तर? आणि दुसरं म्हणजे, तुमची फेरपरीक्षा पुढच्या सत्राच्या शेवटी घ्यावी म्हणतो. तोपर्यंत वर्ग तुमच्याकडेच..."

"एका वेळी एकच प्रश्न," बाई म्हणाल्या. "आणि उभं राहून विचारा."

मुख्याध्यापक उभे राहिले.